आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी

लातूरच्या रेणुकादास सरांना कुणी "सर, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहून घ्यायचे. हा असं का विचारतोय? याच्या कानावर काही आलंय का? सगळी उलटतपासणी मनातल्या मनात उरकली, की मग सावकाश म्हणायचे, "आहे की. का?" त्या शेवटच्या 'का'मुळे समोरच्याला उगाच आपणच काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

स्वभाव मूळचाच तसा. भूकंपानं त्यावर शिक्का मारला एवढंच. त्र्याण्णव साली किल्लारीकडची गावंच्या गावं मातीत गेली, लातुरात मात्र सरांच्या घराला नुसती एक चीर पडली. तपासायला आलेल्या साहेबांनी भिंतीवर टिचक्या मारून सांगितलं, घर खणखणीत आहे. पुढच्याच आठवड्यात मधल्या भिंतीचा दगड पलंगावर येऊन पडला. पलंगावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सरांचा साहेबांवरचा विश्वास उडाला आणि भिंतींवरचाही. मधली दगडी भिंत त्यांनी उतरवून घेतली आणि तिथं प्लायवूडचा आडोसा घातला. तोही वर पत्र्यापर्यंत नेला नाही, हातभर मोकळाच सोडला. आपल्या डोक्यावर टेकून उभं असलेलं काही घरात नको, असं त्यांचं म्हणणं. विनीताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, "असली अर्धवट भिंत बघून माणसं हसतील," असं म्हणून पाहिलं. सर म्हणाले, "हसू दे. जिवंत राहून हसू दे."

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. बारावीला इथंच बसायचं, डॉक्टर-इंजिनिअर इथूनच व्हायचं, म्हणून साऱ्या मराठवाड्यातली पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकेक खोली रिकामी केली. सर बरीच वर्षं अडून बसले होते. परक्याचं लेकरू घरात ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे? शेवटी ते ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झाले, मुलगी उर्वी इंजिनिअरिंगला नांदेडला गेली, घर खायला उठलं, तेव्हा कुठं आडोशापलीकडची खोली त्यांनी एका मुलीला दिली. ती वर्षाराणी. चाकूर तालुक्यातल्या अण्णाराव नावाच्या शेतकऱ्याची लेक. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिली आलेली, आणि इथं सगळं शास्त्र इंग्रजीतून आल्यावर पार गांगरून गेलेली. दारात समोर आली तर भिंतीला चिकटून उभी राहायची. सरांना तिचं हे गप्प राहणंही खटकायचं. एवढं कोण गप्प असतं?

सरांकडे या जगात जपण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे त्यांचं नाव. तीस वर्षांत त्यांच्या हातचा एक पेपर कधी फुटला नव्हता. म्हणून तर त्यांचाच विद्यार्थी असलेला अंबरीश, ज्याचा क्लास आता गावातल्या मोठ्या क्लासांत गणला जायचा, दारात येऊन म्हणाला होता, "सर, शिकवायला माझ्याकडे रग्गड माणसं आहेत. पण रविवारच्या टेस्टचा फिजिक्सचा पेपर ज्याच्या हाती डोळे मिटून द्यावा, असा माणूस एकच." सर वरवर हूं म्हणाले, पण पुढचे चार दिवस त्यांचा सदरा अंगाला जरा घट्टच व्हायला लागला होता.

तो पेपर सर दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. स्वतःच छापायचे, लाखेनं बंद करायचे आणि रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं क्लासात न्यायचे. झेरॉक्स मशीनसमोर शेवटचा कागद बाहेर पडेपर्यंत उभे राहायचे. एवढी सगळी तजवीज असताना एक दिवस अंबरीशनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सर, पेपर फुटून राहिलाय."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. लातूरच्या माणसाला ती कशी सरकते हे चांगलं ठाऊक असतं.

"मुलींमध्ये आधीच प्रश्न फिरतात. जसेच्या तसे. तुमच्याबद्दल मला शंका नाही सर, पण आणखी एकदा असं झालं तर पालक मला जाब विचारतील. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येताना सरांचा साऱ्या गावावर संशय घेऊन झाला. झेरॉक्सवाला? तो तर डोळ्यांसमोर होता. क्लासचा शिपाई? त्याच्या हाती पाकीट जातच नाही. म्हणजे पेपर घराबाहेर पडायच्या आधीच फुटतोय. आणि घरात पेपर असतो कुठं? कॉम्प्युटरात. सरांच्या मनात पाल चुकचुकली.

या कॉम्प्युटरवर त्यांचा पहिल्यापासून संशय होताच. लातूरच्या दुकानदारांवर भरवसा नाही म्हणून नांदेडहून पुतण्याकडून, अनयकडून, जोडून आणलेला. तरीही तो चालू केला की त्याचं आपलंच काहीतरी चालायचं. बटण दाबून सरांनी अंघोळ करून यावं, तरी डब्याचं गुरगुरणं सुरूच. लाल दिवा लुकलुकतोय, आत काहीतरी फिरतंय. मी काहीच सांगितलेलं नाही, मग एवढा वेळ हा करतो काय?

त्यांनी नांदेडला फोन लावला.

"काका, काही नाही हो," अनय म्हणाला. "कॉम्प्युटर चालू झाला की त्याच्यासोबत दहा-वीस गोष्टी आपोआप चालू होतात. सर्व्हिसेस म्हणतात त्यांना. निम्म्या तुमच्या कामाच्या नसतात. त्या बंद केल्या की फटकन चालू होईल."

"आपोआप? माझ्या परवानगीशिवाय?"

"काका, त्या विंडोजच्याच आहेत."

"कुणाच्याही असोत. कुठं दिसतात ते सांग."

अनयनं फोनवरून वाट दाखवली. स्टार्ट, मग रन, मग एक आडनिडं नाव टाइप करायचं. आणि पडद्यावर भलीमोठी यादी उलगडली. सर खुर्चीतच मागं सरकले. आपल्या बैठकीच्या खोलीत पन्नासेक अनोळखी माणसं गुपचूप बसलीत आणि आपण आजवर त्यांच्यामधून लुंगीवर वावरत होतो, असंच काहीसं त्यांना वाटलं. आणि नावं तरी कशी! एकीचं नाव मेसेंजर. निरोप्या! कुणाचे निरोप, कुणाला? एक रिमोट रजिस्ट्री. लांब बसून कोण काय नोंदवतंय? एक सेकंडरी लॉगऑन, म्हणजे आपण उघडल्यावर मागून आणखी कुणीतरी आत शिरायची सोय. सर्व्हर नावाचाही कुणी होता. सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि विनीताबाईंना हाक मारली, "अगं, हे बघ! घरभेदी!"

बाईंनी चष्मा सावरून पाहिलं. "मला तर नुसती इंग्रजी नावं दिसून राहिलीत," म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

अनयनं बजावलं होतं, एकेक मला विचारून बंद करा. पण अनय तरी कोण लागून गेला? कॉम्प्युटर जोडला त्यानंच ना? सरांनी स्वतःच्या अकलेनं घेतलं. निरोप्याला पहिला झोपवला. मग रिमोट, मग दुसऱ्या दारानं येणारा, मग सर्व्हर. ज्याचं नाव कळेना तो अधिक लबाड, या हिशेबानं उरलेल्यांवर हात चालवला. प्रत्येक वेळी पडद्यावर 'डिसेबल्ड' असं उमटलं की त्यांना सुपारी फोडल्याचं सुख व्हायचं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर खरंच फटकन उघडला. सरांनी मिशीवरून हात फिरवला.

मग प्रिंटर बंद पडला. सरांची खात्रीच झाली, चोराला सुगावा लागलाय आणि तो आता सूड उगवतोय. अनय फोनवर बराच वेळ हसत राहिला. "काका, तुम्ही स्पूलर बंद केलाय. छापायचं काम तोच करतो. आणि गाणी वाजतात का बघा बरं?" वाजत नव्हती. आवाजाच्या सर्व्हिसचाही सरांनी गळा आवळला होता. अनयनं दोन्ही परत चालू करवून घेतल्या. शेवटी म्हणाला, "एक सांगू का काका? तुमच्या कॉम्प्युटरला फोनची तार लावलेली आहे का?"

"मुळीच नाही. मी लावूच दिली नाही."

"मग त्यातून बाहेर जाणार तरी काय? इंटरनेटच नाही तर निरोप्या निरोप नेणार कशावरून?"

सरांनी फोन ठेवला. बोलणं बिनतोड होतं. अनयनं ते सरांचं समाधान करायला सांगितलं होतं. सरांनी त्यातून निराळंच काढलं. तारेतून जात नाही, म्हणजे हातातून जातंय. घरातल्या कुणाच्या तरी हातातून.

घरात माणसं किती! विनीताबाई कॉम्प्युटर पुसायलाही घाबरायच्या. उरली ती आडोशापलीकडची. आणि मग एकेक गोष्ट सरांच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. वर्षाराणीचे मार्क! अंबरीशच्याच क्लासात जाणारी, सुरुवातीला काठावर पास होणारी पोर हल्ली फिजिक्समध्ये वरच्या पाचात यायला लागली होती. सर तेव्हा मनातून खूश झाले होते. आता तीच खुशी त्यांना नासलेल्या दुधासारखी झोंबली.

त्यांनी सापळा लावला. उठताना की-बोर्डवर खडूची पूड भुरभुरून ठेवायची, आच्छादनाला विशिष्ट घडी घालायची, एक केस माउसखाली दाबून ठेवायचा. आठवडाभर पूड जागच्या जागी, घडी तशीच, केसही तसाच. आणि रविवारी पेपर पुन्हा फुटला. शहाण्या माणसानं यातून काय घ्यायचं ते घेतलं असतं. सरांनी घेतलं ते असं, की पोर अट्टल आहे, खूणसुद्धा मागं ठेवत नाही.

त्याच दिवशी क्लासात एक मुलगी धमकावल्यावर बोलून गेली, "आम्हाला वर्षाराणी सांगते." झालं. अंबरीशनं तिला केबिनमध्ये बोलावलं. सर शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते.

"प्रश्न तू सांगितलेस मैत्रिणींना?"

"हाव, सर," वर्षाराणी म्हणाली. लपवाछपवी नाही, काही नाही.

"कॉम्प्युटरला हात लावलास तू माझ्या?" सर कडाडले.

"न्हाई सर. देवाशप्पथ न्हाई."

"मग तुला प्रश्न मिळाले कुठून?"

पोरीनं मान वर करून सरांकडे पाहिलं. नवल वाटल्यासारखं पाहिलं. मग अंबरीशकडे पाहिलं, परत सरांकडे पाहिलं, आणि तिनं जी मान खाली घातली ती काही केल्या वर केली नाही. अंबरीशनं दरडावलं, समजावलं, वर्ष वाया जाईल म्हणून सांगितलं. तोंडातून अवाक्षर नाही. सरांना एवढा कबुलीजबाब पुरेसा होता.

क्लासातून तिचं नाव कमी झालं. दुसऱ्या दिवशी अण्णाराव आले. ट्रंक उचलली, गादीची वळकटी काखोटीला मारली आणि उंबऱ्यात थांबून हात जोडले. "पोरीचं चुकलं आसंल सर. तुम्ही मनात काय ठिवू नका." सरांनी दार लावून घेतलं. विनीताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, सरांनी ते पाहिलंही नाही.

आणि पेपर फुटायचा थांबला! एक रविवार गेला, दुसरा गेला, कुठं काही नाही. अंबरीशनं साऱ्या शिक्षकांसमोर सांगितलं, "सरांनी स्वतःच्या घरातला माणूससुद्धा पाठीशी घातला नाही. याला म्हणतात नाव." सर घरी आले ते तरंगतच.

सुट्टीला उर्वी नांदेडहून आली. आडोशापलीकडची खोली मोकळी होती, तिनं तिथंच पथारी पसरली. दुपारी सर पेपर टाइप करायला बसले. प्रश्न घर्षणाचा होता. तो अर्धा टाइप झाला असेल नसेल, तोच पलीकडून उर्वीचा आवाज आला, "बाबा, ठोकळा उतारावरून खाली घसरतोय का वर ढकलायचाय, ते आधी सांगा ना! नाहीतर पोरं गोंधळतील."

सरांची बोटं की-बोर्डवर थिजली. "तुला काय माहीत मी काय टाइप करतोय?"

"तुम्हीच बोलून राहिलात की!"

"मी? मी कुठं बोललो?"

"अय्या बाबा, तुम्ही नेहमीच बोलता. आधी मराठीतून मोठ्यानं म्हणता, मग इंग्रजीत उतरवता. लहानपणापासून ऐकतेय मी. आई, सांग की यांना!"

विनीताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सरांचा विश्वास बसेना, बसणार कसा? त्यांनी उर्वीला खुर्चीत बसवलं, हळू आवाजात काहीतरी वाच म्हणाले आणि स्वतः पलीकडे वर्षाराणीच्या खाटेवर जाऊन बसले. प्लायवूडवरच्या हातभर फटीतून शब्द न् शब्द येत होता. सर स्वतः मराठीतून पदार्थविज्ञान शिकले होते. प्रश्न आधी मराठीत तोंडात घोळवल्याशिवाय त्यांना तो इंग्रजीत उतरवताच यायचा नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती साऱ्या घराला माहीत होती. फक्त त्यांना नव्हती.

तरीसुद्धा संशयानं हात सोडला नाही. "ऐकलं तर ऐकलं," ते घुश्शात म्हणाले, "पण मला सांगायला नको होतं तिनं? चोरून ऐकणं ही पण चोरीच."

"कानाला झाकणं असतात का, बाबा?" उर्वी ताडकन उठली. "तुम्ही त्या पोरीचं वर्ष घालवलंत. जा आणि परत आणा तिला."

सर आधी अंबरीशकडे गेले. सगळं सांगितलं. अंबरीशनं पंखा जरा मोठा केला, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, मिटलंय ते आता. पेपर तुम्हीच फोडत होतात असं मी कुणाला सांगू? क्लासचं नाव जाईल, तुमचंही जाईल. तुम्हाला इथं एक बंद केबिन देतो, तिथं टाइप करत चला. बरं का?"

सर जिना उतरले तेव्हा त्यांना हायसं वाटत होतं. नाव वाचलं होतं. रिक्षात बसेपर्यंत त्यांना ते हायसं वाटणं सोसेनासं झालं. उभ्या जन्मात ज्या एका माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता, त्याच्याकडे ते रिक्षाच्या आरशात पहिल्यांदाच नीट बघत होते, आणि तो माणूस त्यांना मुळीच आवडला नाही. ते वळले, परत वर गेले आणि अंबरीशला म्हणाले, "मुलीचं नाव आत्ताच्या आत्ता परत लाव. नाहीतर पालकांना बोलावून मीच सांगतो." अंबरीशनं तोंड वाकडं केलं, पण लावलं. सरांना मात्र म्हणाला, "मग पेपर काढायला मी दुसरं कुणीतरी बघतो." सर बरं म्हणाले.

मग ते चाकूरला गेले आणि तिथून जीपनं अण्णारावांच्या गावी. ओट्यावर चार माणसं बसली होती, पलीकडे वर्षाराणीची आजी केवळाबाई तूर पाखडत होती. सरांना पाहून अण्णाराव धडपडत उठले. घोंगडं झटकून अंथरलं, तांब्या भरून आणला आणि आत हाक मारली, "वर्षे, भाईर ये. सर आलेत. पाया पड, माफी माग."

पोर आली आणि खरंच वाकायला लागली. सर झटकन मागं सरले.

"थांब. माफी तू मागायची नाही." साऱ्या ओट्यासमोर बोलायचं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "अण्णाराव, तुमच्या पोरीनं चोरी केली नाही. टाइप करताना मला मोठ्यानं बोलायची सवय आहे. मला पत्ताच नव्हता. ते तिच्या कानावर पडलं. चूक माझी, आळ तिच्यावर घेतला. क्लासात तिचं नाव परत लावून आलोय. वर्षाराणी, उद्यापासून ये तू."

बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. केवळाबाईच्या हातातलं सूप थांबलं. वर्षाराणीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून सर वाट पाहत होते. ती नुसतीच बघत राहिली.

"सवय हाय?" तिनं विचारलं.

"हाव. जुनी सवय."

"म्हंजी सर..." ती अडखळली. "तुम्ही माझ्यासाठी म्हणत नव्हता?"

सरांना कळेना.

"मला इंग्रजी कळत नव्हतं. तुम्ही दुपारी सगळं मराठीत म्हणायचा, सावकाश, दोन दोन डाव. मला वाटलं, सर मलाच शिकवायलेत. समोर बसवून शिकवलं तर लोक नावं ठिवतील म्हणून आडोशाआडून. आज्जीला बी सांगितलं व्हतं मी. आन् सर सगळ्यांचेच म्हणून मैत्रिणींना सांगितलं."

"म्या म्हणलं व्हतं, देवमाणूस हाय," केवळाबाई हळूच म्हणाली.

त्या घटकेला नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. साऱ्या गावानं सरांना डोक्यावर घेतलं असतं, आणि पोरीच्या मनातलंही तसंच राहिलं असतं.

"नाही, पोरी. तुझ्यासाठी नव्हतं."

वर्षाराणीनं मान हलवली. तिचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही.

"अंबरीश सरांनी मला लई विचारलं त्या दिवशी, प्रश्न कुठून मिळाले म्हणून. मी सांगितलं न्हाई. मला वाटलं, तुम्ही मला शिकवता हे कळलं तर तुमचं नाव जाईल. म्हणून गप बसले."

साऱ्या जगावर पहारा ठेवून जे नाव त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं, ते या पोरीनं स्वतःचं वर्ष पणाला लावून त्यांच्यासाठी सांभाळलं होतं, आणि सरांनी तिला चोर म्हणून घराबाहेर काढलं होतं.

पोर आत निघून गेली. अण्णारावांनी घोंगड्याची घडी घातली, ती खांद्यावर टाकली आणि सरांकडे न बघता म्हणाले, "चाकूरची जीप निघायची येळ झाली, सर."

चहाचं कुणी विचारलं नाही.